एक हात मोकळा

२१ डिसेंबर, रवि.

तिकिटं निघाली एकदाची. मी आणि सुनंदा, २० जानेवारी, मुंबई ते श्रीनगर, दुपारचं विमान, पाच रात्री. सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला घोड्यावर बसवणार नसाल तर येते."

घोडा नाही, स्लेज नाही, तो दोरीवरचा पाळणा नाही. डोंगरावरचा बर्फ सु.ला नकोच आहे. शहरात बर्फ पडताना बघायचाय. दुकानाच्या पाटीवर, सायकलच्या सीटवर, कुणी वाळत घालून विसरलेल्या कपड्यांवर. खिडकीत खुर्ची टाकायची आणि बघत बसायचं. लग्न झाल्यापासूनची मागणी. दर हिवाळ्यात काहीतरी आडवं यायचं, कधी कंपनीचं ऑडिट, कधी लेकीची, मनूची परीक्षा. आता मी रिटायर, मनू पुण्यात नोकरीला. आडवं यायला कुणी उरलं नाही.

माझा प्रश्न बॅगेचा. आनंदनगरच्या कारखान्यात, टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस मी, सगळी हत्यारं हाताशी नसली की अस्वस्थ होतो. लग्नाला लोक आहेर घेऊन जातात, मी कॅमेऱ्याच्या चार लेन्स. पण बर्फात पाय घसरतात, त्यात पाठीवर ओझं नको. या वेळी हलकं जायचं. ठरलं.

२३ डिसें., मंगळ.

चारही लेन्स सु.च्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितल्या. वाइड, पन्नास एम.एम., झूम आणि तोफ. तोफ म्हणजे लांबचं जवळ आणणारी. सगळ्यात जड आणि माझी सगळ्यात लाडकी. काट्यावर पीठ सांडलेलं होतं, ते तोफेच्या बुडाला लागलं.

सु. म्हणाली, "आता तेवढी लाटून पण घ्या."

अरुंद गल्ल्यांना वाइड. माणसांना पन्नास. पुलावरून नदी, नावा वगैरेला झूम. तोफेचं शहरात काम नाही. तरी बॅगेत घातली. काढली. परत घातली.

थंडीतून गरम खोलीत आलं की काचेवर दव धरतं म्हणे. बाहेर असतानाच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, मग आत यायचं, आणि तासभर पिशवी सोडायची नाही. सु.ला समजावून सांगितलं. "मग मला पण घाला पिशवीत," म्हणाली.

२७ डिसें., शनि.

आज गंमत. सु. भाजी घेऊन आली ती आमची विंग सोडून थेट बी विंगमध्ये शिरली. आमच्याच मजल्यावर, आमच्याच बाजूच्या दाराची बेल वाजवली, आणि दार उघडणाऱ्या बाईला विचारलं, "तुम्ही कोण?" ती बिचारी तिला घरी सोडायला आली. हसून हसून दोघींची पुरेवाट.

आमच्या पालेगावात हे व्हायचंच. कालपरवापर्यंत भाताची खाचरं होती, आता एकासारखे एक टॉवर. मी स्वतः चुकलोय. लिफ्टसुद्धा सगळ्या विंगांत सारखीच कण्हते.

जेवताना मात्र विचारलं, "आपलं दार पहिल्यापासून तपकिरी होतं का हो?"

हो म्हटलं.

३० डिसें., मंगळ.

उल्हासनगरला जाऊन दोन जाकिटं आणली. सु.ने दुकानदाराचा घाम काढला. भाव करणं हे तिचं जुनं खातं, मी मध्ये पडत नाही. सौदा पटला, पिशवी हातात आली, दारापर्यंत आलो. आणि ती मागे वळली.

"भैया, ये जाकिट कितने का दिया?"

तो हसला. "माताजी, अभी तो आपने मेरा दिवाला निकाला."

तिला वाटलं, टाळतोय. पुन्हा सगळं पहिल्यापासून. तेच जाकीट, तीच घासाघीस, तीच वाक्यं त्याच क्रमाने. दुकानदाराचं हसू हळूहळू गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी काचेतल्या टोप्या बघत राहिलो.

रिक्षात म्हणाली, "छान मिळालं, नाही?"

छान मिळालं.

घरी आल्यावर डॉक्टरांची वेळ घेतली, शनिवारची. मेंदूचे डॉक्टर आहेत हे तिला बोललो नाही. माझ्या बी.पी.साठी जायचंय असं सांगितलंय.

३ जाने., शनि.

डॉ. तिच्याशीच बोलायला लागले. ती म्हणाली, "पेशंट हे आहेत." ते म्हणाले, "त्यांचं बघतोच. आधी आपण जरा गप्पा मारू."

तीन शब्द सांगितले. मधे इकडचं तिकडचं बोलून पुन्हा विचारले. एक आला. मग कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, दहा वाजून दहा मिनिटं. आकडे काढले सुबक, तिचं अक्षर पहिल्यापासून चांगलं. काटे काढायची वेळ आली तेव्हा पेन्सिल घेऊन नुसती बसली. मग कागद परत सरकवला आणि म्हणाली, "तुमच्या भिंतीवर आहे की एक."

डॉ. हसले. मीही हसलो. नेहमी अशीच बोलते, तेव्हा यात नवं काय, असं मनाला...

तिला बाहेर बसवून मला सांगितलं. सुरुवात दिसतेय. स्कॅन करा, रक्त तपासा, मग नक्की बोलू.

श्रीनगरचं विचारलं. मला वाटलं, नको म्हणतील, म्हणजे सुटलो. ते म्हणाले, "जा की. पुढे ढकलू नका. फक्त अनोळखी जागी त्यांचा हात सोडायचा नाही, एवढं पाळा."

४ जाने., रवि.

मनूला फोन. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, तिकिटं कॅन्सल करा. इथल्या इथे आई विंग चुकते, तिथे हरवली तर? बर्फ काय पळून जाणार आहे का?"

मी म्हटलं, बर्फ नाही पळत.

मग ती रडली. मग चिडली. "हट्ट आईचा आहे की तुमचा? तुम्हाला फोटो हवेत."

फोन ठेवला मी. राग आला फार. दुपारभर फॅन पुसत बसलो, स्टुलावर चढून. सु. खालून म्हणाली, "कोणावर काढताय?" मनूच्या प्रश्नात थोडं खरं असल्याशिवाय मला एवढा राग येत नाही, हे मला माहीत आहे.

आईला सांगू नका, असंही मनू म्हणाली. ते मी आपणहून पाळतोय.

लेन्स बदलायला दोन हात लागतात. एक कॅमेरा धरायला, एक लेन्स फिरवायला. खरं तर तिसरा लागतो, झाकण धरायला. ते मी दातात धरतो. सु.चा हात धरायचा तर माझ्याकडे उरतो एक. एका हातात जेवढं मावेल तेवढंच न्यायचं, असं ठरवायला हवं. आज नाही ठरवत.

७ जाने., बुध.

रिपोर्ट आले. स्कॅनला नेताना सु.ला सांगितलं होतं, या वयात दोघांचीही तपासणी करतात. डॉ. म्हणाले होते तेच.

८ जाने., गुरु.

घरी येऊन दार आतून लावलं, मगच वही काढली.

रंगीत तालीम म्हणून सकाळी बदलापूरला नदीवर गेलो. आपल्या भागात थंडी पडते ती तिथेच. जाकिटं घालून, बॅग घेऊन, रिक्षाने. नदीवर धुकं. सु. खुश. तोंडातून वाफ काढून दाखवत होती मला, लहान मुलीसारखी.

पलीकडे तारेवर खंड्या बसला होता. बॅगेत तोफ होती, न्यायची नाही म्हणून ठरलेली. सु.ला म्हटलं, माझ्या जाकिटाचं टोक धर, सोडू नको. धरलं तिने. तोफ चढवली. खंड्या उडेना, मीही हलेना. त्याने सूर मारला, पाण्यातून वर आला, चोचीत मासा. मिळाला. आयुष्यात मिळाला नव्हता असा मिळाला.

"सु., बघ," म्हणून वळलो. मागे कुणी नाही.

पुढचं नीट आठवत नाही. ओरडलो बहुतेक. पाण्याच्या कडेला दोनदा जाऊन आलो, तिथे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. मग वरच्या वाडीकडे पळालो. तोफ गळ्यात, छातीवर आपटत होती.

तिसऱ्या घराच्या अंगणात होती. एका म्हाताऱ्या बाईसमोर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. बाई म्हणाली, "मना वाटला कुनाची पावनी हाय. आली, बसली न् सोलाया लागली."

सु.ने मला बघितलं. "इतका वेळ कुठे होतात? चहा टाकलाय त्यांनी."

रागावलो नाही. रागवायला अंगात जीव तर हवा. त्या ओट्यावर बसलो, चहा प्यायलो. बाईने येताना वाल दिले पदरात बांधून. सु. रस्ताभर सांगत होती की आजोळी गेल्यासारखं वाटलं.

९ जाने., शुक्र.

तोफ कपाटात, वरच्या कप्प्यात. खंड्याचा फोटो पुसला.

११ जाने., रवि.

सकाळपासून केमिकल कंपन्यांचा वास, धुक्याबरोबर खाली बसलेला. खिडक्या बंद.

सु. मात्र आज अशी की डॉ.ला बोलावून दाखवावं. तिळाच्या वड्या केल्या, पाक माझ्या हातून बिघडत होता तो तिने सावरला. मनूच्या बारशाला कोण कोण आलं होतं ते सांगितलं, कोणी काय आणलं होतं ते पण. मी रिपोर्ट काढून पुन्हा वाचला. नाव तिचंच होतं.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, अंगाशी धरून ठेवायला लागते. म्हणून म्हटलं, जाकिटाला आतून एक खिसा लावून दे. बसली मशीनवर. तासाभरात दिला. टाके सरळ, कापड जाकिटाच्या रंगाचं, कारागिराला लाजवेल असं काम. चारही बाजूंनी शिवलेला. हात घालायला जागाच नाही.

मी बघत बसलो. ती म्हणाली, "काय झालं? चोर तरी नेणार नाही."

थट्टा होती? की चूक झाली आणि सावरून घेतली? तिच्या चेहऱ्यावरून आधी कळायचं नाही, तीच तर मजा असायची तिची. आता तेच मला खातंय.

खिसा उसवला नाही. बॅटऱ्या शर्टाच्या खिशात ठेवीन.

१४ जाने., बुध. संक्रांत.

तिळगूळ. हळदीकुंकू शनिवारी करू म्हणाली, विंगमधल्या बायकांना बोलावून आली. बी विंगमधल्या त्या बाईलाही. "तिच्याकडे माझं येणं-जाणं आहे," म्हणते.

मनूचा फोन. तिकिटांचं विचारलं. अजून ठरलं नाही, म्हणालो. खोटं नाही ते. सकाळी जायचं वाटतं, संध्याकाळी नको वाटतं.

भीती वाटते. लिहून ठेवतो, कारण बोलायला कोणी नाही. जिच्याशी बोलायचो तिच्याबद्दलच बोलायचंय.

१७ जाने., शनि.

हळदीकुंकू संध्याकाळी. दुपारी मी आतल्या खोलीत पलंगावर धुतलेला पांढरा पंचा अंथरला आणि सामान मांडलं. कॅमेरा मधे, एका ओळीत वाइड, पन्नास, झूम, बाजूला ब्रश, बॅटऱ्या, चार्जर. झाकणं काढून काचा पुसल्या, बुरशी धरलीय का ते उजेडात बघितलं, आणि जरा वारा लागू दे म्हणून तशाच ठेवल्या. सु. बाहेरून म्हणाली, "शेवंती आणायची राहिली, घेऊन या पटकन." गेलो.

आलो तर घरात उदबत्तीचा वास. आतल्या खोलीत समई.

तिन्ही लेन्सच्या काचेवर मधोमध हळदकुंकू, ओल्या बोटाने टेकवलेलं. वर अक्षता. कॅमेऱ्यावर जास्वंद, गॅलरीतल्या कुंडीतली. सु. हात जोडून उभी. मला बघून म्हणाली, "नारळ कुठंय? दर वर्षी सांगायला लागतं तुम्हाला."

दसऱ्याला असंच मांडतो मी. कंपनीतून निघताना मिळालेला मायक्रोमीटर, कॅमेरा, लेन्स, असाच पांढरा पंचा. ती पूजा करते. फक्त तेव्हा मी झाकणं लावून ठेवतो, ती झाकणांवर कुंकू लावते. आज झाकणं मीच काढली होती. बाहेर ताटात हळदकुंकू तयार, आत हत्यारं मांडलेली. तिचं काय चुकलं?

माझा चेहरा मला आवरता आला नसावा. तिने माझ्याकडे बघितलं, मग पलंगाकडे, मग स्वतःच्या बोटाकडे.

"आज दसरा नाही ना?"

नाही, म्हटलं.

"बाहेरचं कुंकू कशाचं?"

"संक्रांतीचं. बायका यायच्यात तुझ्या."

तेवढ्यात बेल वाजली. तिने बोट पदराला पुसलं, आरशासमोर केस सारखे केले आणि दार उघडायला गेली. पुढचे दोन तास बाहेर तिचा आवाज ऐकत होतो. प्रत्येकीला नावाने हाक. प्रत्येकीच्या सुनेची, गुडघ्याची चौकशी. उखाणा घ्यायला लावला एकीला. कुठे अडखळली नाही. मी आत बसून कापसाने कुंकू टिपत होतो, जेवढं पुसावं तेवढं पसरत होतं, आणि बाहेर त्या हसल्या की माझे डोळे भरून येत होते.

झूममध्ये गेलंय, नळी पुढे-मागे करताना करकरते. वाइड निघाली स्वच्छ. पन्नासच्या पुढच्या काचेमागे कुंकवाचा एक कण बसलाय. तो बाहेरून निघणारा नाही.

१८ जाने., रवि.

सकाळी गॅलरीत चहा घेऊन बसलो होतो. सु. म्हणाली, "ते डॉक्टर बी.पी.चे नव्हते."

नव्हते.

"मग सांगा आता."

सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं. तिने एकदा स्वतःशी म्हणून बघितलं, नवीन शेजाऱ्याचं नाव म्हणावं तसं. खाली टँकर आला होता, वॉचमन पाइप ओढत होता, ते दोघांनी बघितलं.

"किती वेळ आहे?"

"तसं नेमकं सांगता येत नाही, म्हणतात."

"बी विंगवालीला सांगून ठेवा मग. दारावर आले तर हाकलू नको म्हणावं."

मी हसलो नाही. तिलाही ते हसण्यासाठी नको होतं. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही लपवलंत, त्याचा मला राग आलाय. बाकीचं विसरेन, हे नाही विसरायची." आणि कप उचलून आत गेली. दिवसभर बोलली नाही माझ्याशी. भाजीत मीठ बरोबर होतं.

संध्याकाळी तिनेच मनूला फोन लावला. मी ऐकलं तेवढं: "तुझ्या बाबांचा नाही, माझा हट्ट आहे... हो, कळलंय मला... घाबरतेय ना मी पण, तू एकटी आहेस का घाबरणारी? ... मग आत्ताच जायला हवं ना बाळा, नंतर मला कोण सांगणार की तो बर्फ होता."

१९ जाने., सोम.

झूम घेऊन उल्हासनगरच्या कॅम्प पाचला गेलो. तिथला सिंधी दुरुस्तीवाला ओळखीचा. काचेला डोळा लावून बघितलं. "फंगस देखा, चींटी देखी. कुंकू पहली बार देख रहा हूँ, साईं." उघडून साफ करायला आठवडा लागेल. ठेवून आलो. पन्नासमधला कण दाखवला. म्हणाला, फोटोत येणार नाही, उगाच उघडू नका.

राहिल्या दोन. वाइड आणि पन्नास.

घरी आलो तर सु.ने अल्बम काढलेले, सगळी जमीन भरून. नीट लावतेय म्हणाली. मग म्हणाली, "यात तुम्ही कुठे आहात?"

"मी कॅमेऱ्यामागे."

"सगळीकडे?"

लग्नाचे सोडले तर सगळीकडे. मनूचं बारसं, पहिला दिवस शाळेचा, आमचं महाबळेश्वर, गणपती, कंपनीची सहल. सु. आहे, मनू आहे, मी नाही. कधी लक्षातच आलं नव्हतं. कोणाच्याच आलं नव्हतं.

म्हणाली, "उद्या ओळखायची वेळ आली तर मी बघू काय? हा कोण माणूस घरात फिरतोय, असं विचारायचं का मनूला?"

मी कॅमेरा पुसायला घेतला.

"द्या तो कॅमेरा इकडे."

वाइड लावलेली होती. जवळ येऊन फोटो काढला आणि पडद्यावर बघून मोठ्याने हसली, पाठ भिंतीला टेकून. वाइडने जवळून काढलं की नाक पसरतं. "हे नको. हा माणूस माझा नाही."

पन्नास लावून दिली. हाताला हलकी लागली तिला, बरं वाटलं. डोळा कुठे लावायचा, चौकोन चेहऱ्यावर कसा आणायचा, बटण अर्धं दाबून थांबायचं कसं, सगळं दाखवलं. थोड्या वेळाने पुन्हा दाखवलं. मग पुन्हा. चिडलो नाही, टूलरूममध्ये नवीन पोरांना याहून जास्त वेळा दाखवलंय. चौथ्या की पाचव्या वेळी तिने माझा हात बाजूला केला. "कळलं."

तर आता: एक कॅमेरा, एक पन्नास, कुंकवाच्या कणासकट. वाइड कपाटात, तोफेशेजारी. पिशवी इतकी हलकी झालीय की रिकामी वाटते, मधेमधे उघडून बघतो.

फोटो काढताना तिचे दोन्ही हात गुंतणार. म्हणजे तिला धरायला माझे दोन्ही मोकळे. जाकिटाचं टोक मी धरणार आहे.

२० जाने., मंगळ.

उठल्या उठल्या मेसेज. श्रीनगरला बर्फ पडतोय, धावपट्टी बंद, विमानाला उशीर, पुढची सूचना येईपर्यंत थांबा. मनूचाही आला: "बाबा, आता तरी. रिफंड देतील."

सु.ला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "म्हणजे पडतोय ना नक्की?"

पडतोय.

"मग आपण बसू. तो दमला की जाऊ."

गाडीवाल्याला थांबवून ठेवलंय फोनवर. दोघं जाकिटं घालून हॉलमध्ये बसलोय, पंखा लावून. गॅस बंद, गीझर बंद, गॅलरीचं दार लावलं. ते सु.ने तीनदा बघितलं, मी चारदा. मघाशी तिने विचारलं, "मनूकडे चाललोय का आपण?" मी म्हटलं, श्रीनगरला, बर्फ बघायला. "हो, हो," म्हणाली, "आठवलं," आणि मग थोडं थांबून, "नाही आठवलं, तुम्ही सांगितलंत." आणि माझा हात घेऊन मांडीवर ठेवला. तो तिथेच आहे, म्हणून हे एका हाताने लिहितोय, वही सरकते आहे.

निघालो तर तिथे काय होईल मला माहीत नाही. नाही निघालो तर पुढच्या हिवाळ्यात तिला खिडकीबाहेरचं काय दिसेल, तेही नाही.

तिने हात काढून घेतला. पिशवी उघडून कॅमेरा घेतला. झाकण काढलं, ते दातात धरलंय, अगदी माझ्यासारखं. हे मी कधी शिकवलं नव्हतं.

टीपॉयवर फोन वाजला. मेसेज आहे. विमानाचाच असणार. हात पुढे केला तर झाकण दातातून काढून म्हणाली, "तो ठेवा. लिहिणं पण ठेवा. वर बघा आणि...